कुणाच्या हाताखाली

कुणाच्याही मुलाला नोकरी लागल्याचं कळलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणाच्या हाताखाली?" पगार, गाव, हुद्दा, सगळं नंतर. मला भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, "अजून नक्की माहीत नाही. एक मॅनेजर आहेत."

"मॅनेजर आहेत ना? मग झालं तर," असं म्हणून त्यांनी आईला शिरा करायला सांगितला.

बाबा वर्ध्याहून डिप्लोमा करून भोपाळला आले ते इथलेच झाले. आम्ही पिपलानीला, त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्यांच्या कारखान्याने त्यांना आधी वर्षभर ट्रेनिंग स्कूलमध्ये बसवलं आणि मग एका साहेबांकडे सोपवलं. त्या साहेबांच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. ड्रॉइंग उलटं धरून वाचणाऱ्या बाबांना त्यांनी न हसता ते सरळ करून दिलं. बाबांनी एक भला मोठा शाफ्ट चुकीच्या मापाचा करून ठेवला, तर वरच्यांपुढे साहेबांनी "माझ्या देखरेखीखाली झालं" एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांना शेजारी बसवून तेच गणित तीनदा करायला लावलं. आमच्या घरी जेवताना देवादिकांच्या कथा झाल्या नाहीत, या झाल्या. त्यामुळे प्रत्येक कंपनीत असा एक माणूस बसलेलाच असतो, आपण फक्त नीट वागायचं आणि मन लावून काम करायचं, अशी माझी ठाम समजूत होती.

आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या डब्या आणि बाटल्यांची झाकणं व्हायची. माझं खातं युटिलिटी. म्हणजे मशिनांना लागणारी दाबाची हवा, थंड पाणी, वीज गेली की जनरेटर. ज्याची आठवण फक्त बंद पडल्यावर होते, ते सगळं. या खात्यात इंजिनियर दोन, मॅनेजर आणि मी. माझ्या आधीचा मुलगा पावसाळ्यापूर्वीच सोडून गेला होता. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल तसाच होता.

पहिल्या दिवशी मॅनेजरने मला ती खुर्ची दाखवली. चाळिशीचा, गोरा, नेहमी इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. मी वही काढून बसले होते. म्हटलं, आता प्लांट दाखवतील. ते म्हणाले, "देखो, यहाँ कोई ट्रेनिंग-व्रेनिंग नहीं होती. पानी में उतरोगी तो तैरना आ जाएगा. बाकी गूगल कर लेना, आजकल सब मिलता है." तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, माझ्याकडे सरकवला. पलीकडून कुणी तरी ओरडत होतं, "हवा का प्रेशर गिर गया है, कंप्रेसर देखो!" मी "हाँ, हाँ, देखती हूँ" म्हटलं, फोन ठेवला आणि मॅनेजरना विचारलं, "सर, कंप्रेसर कहाँ है?"

ते हसले. वाईट नव्हे, गंमत वाटल्यासारखे. "ढूँढ लो," म्हणाले.

मी शोधलं. कँटीनच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. मी पोचेपर्यंत दाब आपोआप वर आला होता. तिथला ऑपरेटर मोबाइलवर मॅच बघत होता. "मैडम, ये तो रोज़ का है," असं त्याने नजर न उचलता सांगितलं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय शिकवलं साहेबांनी?" मी म्हटलं, "प्लांट बघितला."

पुढचे काही महिने मी विचारायचा प्रयत्न केला. हे मला नीट सांगायला हवं, कारण नंतर लोक म्हणतात, आजची मुलं विचारतच नाहीत. मी विचारलं. थंड पाण्याच्या मशीनचा गेज लाल रेषेच्या पलीकडे गेला तर आधी काय बघायचं, हे विचारलं. मॅनेजर म्हणाले, "अभी बताता हूँ," आणि फोन कानाला लावून बाहेर गेले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा, "मैन्युअल में लिखा है." मॅन्युअल कुठे आहे विचारलं, तर, "स्टोर में होगा." स्टोअरमध्ये नव्हतं. तिसऱ्यांदा प्रॉडक्शनची तीनचार माणसं समोर उभी होती. त्यांच्यादेखत ते म्हणाले, "इतना भी नहीं आता? कॉलेज में क्या पढ़ा था?" ती माणसं हसली. त्यातल्या एकाने तर मला माझ्या कॉलेजचं नाव विचारलं.

मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. नुसतं पाणी वाहताना बघत राहिले. त्या दिवसापासून मी मॅनेजरना काहीही विचारणं बंद केलं.

मला तेव्हा खात्री होती की या माणसाला सगळं येतं आणि तो मुद्दाम देत नाही. रोज बसमध्ये होशंगाबाद रोडवरून परतताना, मिसरोदच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकलं की मी याच विचारात असायची. काय चुकलं माझं? मी मुलगी आहे म्हणून? मराठी आहे म्हणून? की आधीच्या मुलाचा राग माझ्यावर? शिकवावंसं कुणाला वाटावं असं माझ्यातच काही नाही, या उत्तरावर गाडी हळूहळू येऊन थांबायची. ते उत्तर पटायला सोपं होतं.

घरी मी फारसं बोलत नसे, पण आईला माझं जेवण कमी झालेलं दिसलं. ती इंदूरची, तिला ताटातलं लगेच कळतं. एक दिवस तिने खोदून विचारलं आणि मी बोलून गेले, "तिथे शिकवायला कुणीच नाही." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटणं थांबलं.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी बाबा म्हणाले, "तयार हो, साकेत नगरला जायचंय. एकांकडे." त्यांनी ठेवणीतला निळा शर्ट घातला होता आणि दाढी दोनदा केली होती. वाटेत त्यांनी स्कूटर थांबवून काजूकतलीचा डबा घेतला. मला वाटलं, तिथल्या हॉस्पिटलमागे त्यांचे एक जुने मित्र राहतात, त्यांच्याकडे निघालोय. दाराशी आल्यावर पाटीवर मॅनेजरचं आडनाव दिसलं.

"बाबा, नको," मी म्हटलं. त्यांनी बेल दाबलेली होती.

मॅनेजरने दार उघडलं ते बनियनवर. आम्हाला बघून आत गेले, शर्ट घालून आले. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. बाबा सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. ते त्या माणसाहून अठरावीस वर्षांनी मोठे असतील. कारखान्यात त्यांच्या हाताखाली साठएक माणसं होती. ते म्हणाले, "सर, मैं ज़्यादा समय नहीं लूँगा. बच्ची मेहनती है. बस, बोलती कम है. आप थोड़ा हाथ पकड़कर सिखा दीजिए. मुझे भी किसी ने ऐसे ही सिखाया था, इसलिए कह रहा हूँ." आणि त्यांनी हात जोडले.

मी समोरच्या टीपॉयवरच्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघत होते. त्यांच्यावर धूळ होती.

"अरे अंकलजी, क्या बात करते हैं," मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाले. "अपनी ही बच्ची है. थोड़ा खुलेगी तो सब सीख जाएगी. मैं हूँ ना." बाबांचा चेहरा एकदम सैल झाला. चहा झाला. निघताना बाबांनी काजूकतलीचा डबा त्यांच्या मुलीच्या हातात दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतताना मी मान फिरवून रस्त्याकडे बघत होते. बाबांना वाटलं मी लाजले. स्कूटरवरून मागे वळून ते म्हणाले, "चांगला माणूस आहे गं. तू उगाच घाबरतेस."

सोमवारी मी ऑफिसात शिरले तर मॅनेजर अकाउंट्सच्या दोघांना सांगत होते, "मैडम के पापा आए थे रिश्ता लेकर... अरे नहीं, सिफ़ारिश लेकर!" सगळे हसले. शिकवणं वगैरे काही झालं नाही. पण एक वाक्य मात्र नव्याने सुरू झालं. माझ्याकडून कुठला रिपोर्ट उशिरा गेला, कुठला पंप बंद पडला, की ते मान तिरकी करून विचारायचे, "पापा को बुलाऊँ?" काही दिवसांनी कंप्रेसरचा ऑपरेटरसुद्धा ते म्हणायला लागला. तो तोंडावर म्हणत नसे, मी वळल्यावर म्हणायचा.

बाबांवर मी इतकी चिडले होते की त्यांच्या हातचा चहासुद्धा घेत नसे. पण त्यांना हे सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? ते परत साकेत नगरला गेले असते, नाही तर आयुष्यात कधीच कुणापुढे गेले नसते. दोन्ही मला सोसवलं नसतं.

मग मी एकटीने शिकायला लागले. त्यात काही शौर्य नव्हतं, दुसरा रस्ताच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत कँटीनला न जाता पाइपांच्या मागे मागे चालायचं. हा कुठून आला, कुठे गेला, मध्ये व्हॉल्व कुठे. इंटरनेटवर बघायचं, अर्धं कळायचं, अर्धं चुकीचं कळायचं. एकदा चुकीचा व्हॉल्व फिरवला आणि दोन मशिनांचं थंड पाणी बंद झालं. तेव्हा प्रॉडक्शनच्या माणसाने ज्या भाषेत ऐकवलं, ती मी लिहीत नाही. माझ्या शाफ्टची जबाबदारी घ्यायला कुणी साहेब नव्हते. मी माझी शिवी खाल्ली आणि तो व्हॉल्व कशाचा आहे ते कायमचं लक्षात ठेवलं.

हवेच्या दाबाचं दुखणं चालूच होतं. दुपारी सगळी मशिनं सुरू झाली की दाब पडायचा, झाकणं साच्यात अडकायची, आरडाओरडा व्हायचा. मॅनेजरचं उत्तर होतं, कंप्रेसर लहान पडतो, दुसरा घ्या. त्यांनी विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलंही होतं. मला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही हे शब्दांत सांगता येत नव्हतं. याहून जास्त मशिनांना हा कंप्रेसर पूर्वी पुरत होता, हे मात्र जुन्या लोकांच्या बोलण्यात येऊन गेलं होतं.

रंगपंचमीला कारखाना बंद असतो. मी मॅनेजरना म्हटलं, "सर, उस दिन मैं आकर हवा की लाइन देखूँ?" ते म्हणाले, "जो करना है करो, बस मुझे फ़ोन मत करना." ही परवानगी समजून मी गेले. शहरात सकाळपासून ढोल होते, रस्त्यावर गुलाल होता, आणि मी जुना सलवार-कमीज घालून रिकाम्या शेडमध्ये उभी होते. मशिनं बंद. मी कंप्रेसर चालू केला.

माझा हिशेब साधा होता. हवा वापरणारं कुणी नाही. मग हवेची टाकी भरली की कंप्रेसरने गप्प व्हायला हवं. टाकी भरली, तो गप्प झाला, आणि श्वास घेतल्यासारखा थांबून लगेच पुन्हा कामाला लागला. पुन्हा थांबला, पुन्हा लागला. म्हणजे हवा कुठे तरी जात होती. एरवी मशिनांच्या गोंगाटात काही ऐकू येत नसे. त्या दिवशी शेड इतकी शांत होती की मी नुसती कान देऊन चालत राहिले. जागोजागी सापासारखा फूत्कार. मी साबणाचं पाणी लावत गेले, बुडबुडे आले तिथे खडूने खूण करत गेले. अशा बारीकसारीक गळत्या बऱ्याच निघाल्या. पण तेवढ्याने दाब इतका पडायला नको होता. मग मागच्या भिंतीशी आले. तिथून एक पाइप पलीकडच्या जुन्या शेडमध्ये गेलेला होता. त्या शेडमधली मशिनं माझ्या येण्याआधीच विकून टाकली होती आणि आता तिथे झाकणांचे क्रेट छतापर्यंत रचले होते. मी क्रेट ओढून ओढून वाट केली. मागे तो पाइप भिंतीतून बाहेर आलेला, तोंडाशी एक व्हॉल्व, अर्धवट उघडा. हात पुढे केला तर ओढणी उडाली.

मशिनं गेली, पाइप राहिला, आणि कारखाना तेव्हापासून भिंतीला वारा घालत बसला होता.

मी दोन्ही हातांनी तो व्हॉल्व बंद केला. परत येईपर्यंत कंप्रेसर थांबला होता. मी तिथेच बादली उपडी घालून बसले. तो बराच वेळ थांबलेलाच राहिला. गेटवरचा सिक्युरिटी गार्ड धावत आला, गाल गुलाबी झालेले. "मैडम, लाइट चली गई क्या? आवाज़ बंद हो गई." मी हसायला लागले. तोही हसला, का ते न कळता.

खूप आनंद झाला होता. तो कुणाला तरी सांगावा असं वाटत होतं. फोन हातात घेऊन सगळी नावं वरखाली केली. मैत्रिणींना यातलं काही कळलं नसतं. मॅनेजरने फोन करू नको सांगितलं होतं. बाबांना सगळं कळलं असतं, पण ते म्हणाले असते, "साहेबांनी सांगितलं होतं का असं बघायला?" फोन मी परत पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सांगितलं. त्यांनी "ठीक है, ठीक है" म्हणून पुढचा मेल उघडला. त्याच आठवड्यात प्लांट हेडपुढे नव्या कंप्रेसरची मीटिंग होती. मॅनेजरने स्लाइड्स दाखवल्या. प्लांट हेडने मध्येच हात वर केला. "एक मिनट. अभी वाला कंप्रेसर कितने टाइम लोड पर रहता है और कितने टाइम खाली?"

साधा प्रश्न होता. कंप्रेसर प्रत्यक्ष हवा किती वेळ भरतो आणि किती वेळ नुसता फिरतो, एवढंच. त्याच्याच पडद्यावर ते लिहिलेलं असतं. मॅनेजरने कागद चाळले. पहिलं पान, शेवटचं पान, परत पहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला दिसलं. त्यांना फक्त उत्तर येत नव्हतं असं नाही, त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

त्यांच्या घामेजलेल्या कपाळाकडे बघताना गेल्या आठनऊ महिन्यांतलं एकेक आठवत गेलं. "अभी बताता हूँ." "मैन्युअल में लिखा है." "कॉलेज में क्या पढ़ा था?" त्यांनी माझ्यापासून काही लपवून ठेवलंच नव्हतं. लपवायला काही नव्हतंच. ज्याच्यापुढे माझ्या बापाने हात जोडले, त्याची झोळी आमच्याहून रिकामी होती.

मी उत्तर दिलं, आकडे दिले, जुन्या शेडच्या पाइपचं सांगितलं. प्लांट हेड म्हणाले, "तो नया कंप्रेसर किसलिए?" मीटिंग संपली. निघताना त्यांनी मॅनेजरच्या पाठीवर थाप मारली, "अच्छा तैयार किया है लड़की को."

मॅनेजर कॉरिडॉरमध्ये माझ्यासोबत चालत राहिले. चहाच्या मशीनपाशी थांबून म्हणाले, "मैं सेल्स से आया था इधर. जो मैनेजर थे, वो महीने भर में चले गए. मुझे भी किसी ने कुछ नहीं सिखाया." त्यांनी माझ्यासाठीही कप भरला. मला त्यांची दया यायला हवी होती, असं पुढे पुष्कळदा वाटलं. पण मला फक्त एवढंच दिसत होतं की हे वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून मॅन्युअल शोधलं असतं. मी चहा घेतला नाही.

त्यानंतर प्रॉडक्शनवाले थेट मला फोन करायला लागले. वर्षभराने मला कायम केलं. मी घरी पत्र दाखवलं तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघ. म्हटलं होतं ना, चांगला माणूस आहे. घेतलं की नाही हाताखाली!"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला थोडंफार माहीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि बाबांचा चेहरा बघितला. त्या रविवारी निळा शर्ट घालून आपण मुलीसाठी काही तरी केलं, हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "हो."

एवढ्याने भागलं असतं. पण दिवाळीत बाबांनी त्यांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. "सर, आपका बहुत उपकार है." पलीकडून तोच गोड आवाज, "अरे अंकलजी, टैलेंट तो बच्ची में था. हमने तो बस गाइड किया." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चकल्या तळत असलेल्या आईच्या हातातून झारा घेतला. ती बाजूला सरकली. आजही पिपलानीच्या पार्कात बाबा त्यांच्या मित्रांना सांगतात, मुलीला चांगले साहेब मिळाले. माझ्या स्वतःच्या घरात माझं सगळं शिक्षण त्या माणसाच्या खात्यावर जमा आहे.

आत्मविश्वास आला का, असं विचाराल तर आला. बंद मशीनपुढे आता मी घाबरत नाही. मीटिंगमध्ये आवाज कापत नाही. पण तो ज्या रस्त्याने आला, त्या रस्त्याने बरंच काही घेऊनही गेला. मी ती नोकरी सोडून यंदा दुसऱ्या कारखान्यात लागले, मंडीदीपलाच. पहिल्या दिवशी तिथले एक वयस्क सीनियर माझ्या टेबलाशी आले. हातात प्लांटचा नकाशा. म्हणाले, "चलिए मैडम, पहले आपको पूरा प्लांट घुमा देता हूँ, फिर एक-एक करके..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "नहीं सर, मैं देख लूँगी."

त्यांनी नकाशाची नीट घडी घातली, "ठीक है, जैसा आपको ठीक लगे," म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी परत विचारलं नाही. मला त्यांना हाक मारायची होती. अजून मारलेली नाही.